एक डोके, तीन परीक्षक

क्रॅनिअल ऑस्टिओपथीत कवटीवर अगदी हलक्या स्पर्शाने उपचार केले जातात. रुग्ण उताणा झोपतो. उपचारक डोक्याशी बसून दोन्ही तळहातांत कवटी धरतो आणि बराच वेळ तसाच राहतो. पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. उपचारकाला मात्र हाताखाली मिनिटाला साधारण ६ ते १२ वेळा कवटी किंचित रुंदावते आणि पुन्हा आक्रसते असे जाणवते. ही लय श्वासाची नाही, नाडीचीही नाही, ती स्वतंत्र आहे, असे या पद्धतीचे म्हणणे आहे.

या कल्पनेचे जनक विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) हे अमेरिकेत कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपथी शिकले. सुट्या केलेल्या कवटीतील शंखास्थीची तिरकी कड त्यांना माशाच्या कल्ल्यासारखी वाटली. असा आकार हालचालीसाठीच असणार, असे त्यांनी मानले आणि १९३९ मध्ये पुस्तक लिहून सिद्धान्त मांडला.

त्या सिद्धान्तात कवटीच्या तळाशी जतुकास्थी आणि पश्चकपालास्थी यांच्यामधला सांधा बिजागरीचे काम करतो. प्रत्यक्षात तिथली कूर्चा किशोरवयातच हाड बनते. प्रौढ कवटी हातात घेऊन तळ निरखला तर तिथे सलग हाड लागते. दोन भाग करायचे तर करवतच लागेल. टीकाकारही कधीकधी घाई करतात. कवटीच्या माथ्यावरच्या शिवणींमध्ये तंतुमय ऊती पुढे अनेक वर्षे टिकते, म्हणून सगळी कवटी लहानपणीच एकसंध होते हे विधानही चूकच. पण शिवणीत ऊती आहे म्हणजे बोटांच्या हलक्या दाबाने ती हलते, असे ठरत नाही.

या लयीसाठी दिला जाणारा मेंदूभोवतीच्या द्रवाचा आधार याहून गंभीरपणे घ्यावा लागतो. हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. तो हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर हलतो, हे एमआरआयमध्ये दिसते. रक्तदाबातही मिनिटाला सुमारे ६ वेळा येणाऱ्या मंद लाटा असतात. त्यांना मायर लाटा म्हणतात. उपचारकांच्या हाताला याच लाटा कळत असतील का, हा प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्यावर कामही झाले आहे. तरी उत्तर होकारार्थी आले, तर सिद्ध होईल ती रक्तवाहिन्यांची लय. हाडांची हालचाल त्यातून सिद्ध होत नाही, उपचाराचा गुण तर नाहीच.

खरी मेख आहे ती मोजणीत. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन फिजिओथेरपिस्टनी त्याच १२ व्यक्तींची ही लय वेगवेगळी मोजली. परीक्षकांच्या एकमताचा गुणांक १ आला तर पूर्ण मेळ, ० आला तर मेळ योगायोगापलीकडे नाही. इथे तो उणे ०.०२ आला. परीक्षक कमी पडले असतील, ही शंका रास्त होती. १९९८ मध्ये दोन परीक्षकांनी एकाच वेळी, एकाने डोक्यावर आणि दुसऱ्याने पायांवर हात ठेवून, मोजून पाहिले. आकडे तरीही जुळले नाहीत. ताप मोजताना दोन थर्मामीटर असे वागले, तर कोणताही डॉक्टर त्यांच्यावर औषध ठरवणार नाही. गुण येतो की नाही हा वाद लोक हिरिरीने घालतात. हाताला काय सापडते हा त्याआधीचा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखकाला याचीच चिंता सर्वाधिक वाटते.

गुणाचीही परीक्षा झाली आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १४२ मुलांवरील ब्रिटनमधला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हालचालीच्या क्षमतेत आणि जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र मुलाची तब्येत एकंदरीत सुधारली, असे सांगणाऱ्या पालकांचे प्रमाण उपचार घेतलेल्या गटात जास्त होते. त्या पालकांना उपचार चालू असल्याचे ठाऊक होते. त्यांचा अनुभव खोटा म्हणणे अन्यायाचे होईल. कोणीतरी शांतपणे, मन लावून आपल्या लेकराचे डोके हातात धरते, याने धीर येतोच. पण धीर आणि स्नायूंवरचा परिणाम वेगवेगळे मोजावे लागतात. त्यासाठी दुसऱ्या गटातल्या मुलांचेही डोके तितकाच वेळ, पण तंत्र न वापरता धरायला हवे, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये. निदानाची विश्वसनीयता आणि परिणाम या दोन्हींचा पुरावा तपासणारा फ्रेंच संशोधकांचा आढावा २०१६ मध्ये आला. भरवसा ठेवावा असा पुरावा त्यांना दोन्हीकडे मिळाला नाही.