दर आठव्या ओळीत एक रेघ

‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेमच्या जुन्या पेटीचं मागचं दार उघडलं की आधी वास येतो; बसलेल्या धुळीचा, जुन्या लाकडाचा आणि वर्षानुवर्षं तापून मुरलेल्या ट्रान्सफॉर्मरचा. मग नजर सरावते आणि लक्षात येतं, पिक्चर ट्यूब समोर नाहीच. ती तळाशी उताणी निजलेली असते. तिच्यावर एक तिरकी, आरशाचं काम करणारी पारदर्शक काच, आणि काचेमागे रंगवलेला चंद्र. ट्यूबवर चित्र उलटं उमटतं, काचेत सुलटं होतं आणि खेळणाऱ्याला ते थेट चंद्रावर तरंगताना दिसतं. मूळ चित्र कृष्णधवल. रंग येतो तो वर लावलेल्या जिलेटिनच्या पट्ट्यांमुळे.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला एका मित्राच्या गॅरेजमध्ये अशी पेटी उभी आहे, मिडवे कंपनीने अमेरिकेसाठी बनवलेली. नाशिकहून आलेल्या त्याच्या आईंनी मागून आत डोकावलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, चंद्र वेगळाच लावलाय होय! हे तर नाटकाच्या नेपथ्यासारखं आहे.” मला त्यांचं म्हणणं फार पटलं. साधनं तुटपुंजी आणि हौस दांडगी असली की माणूस असंच काहीतरी करतो.

हा खेळ 1978 साली जपानमध्ये तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी घडवला. चित्रं, प्रोग्रॅम आणि तो चालवणारा बोर्ड, जवळजवळ सगळं एकहाती. बोर्डावर इंटेलचा 8080 प्रोसेसर आणि एकूण 8 किलोबाइट रॅम. आज मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण एवढ्याशा जागेचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात मावत होता, आणि म्हणूनच दुसरा माणूस इतक्या वर्षांनी तो उलगडू शकतो. जुनी यंत्रं दुरुस्त करण्यातलं माझं सगळं सुख या एका गोष्टीत आहे.

मित्राची पेटी चालू व्हायची, खेळही सुरू व्हायचा. पण पडद्याच्या उजव्या बाजूला आडव्या पांढऱ्या रेघांची जाळी पडलेली, आणि तिच्या आडून बिचारे परग्रहवासी सरकताना दिसायचे.

अशा वेळी हात आधी चिपकडे जातो, आणि तिथेच स्वतःला आवरायचं असतं. सुरुवात विजेपासून. त्याच्याही आधी पिक्चर ट्यूबपासून, कारण प्लग काढून ठेवला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. स्क्रूड्रायव्हरला अर्थिंगची वायर बांधायची, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं सरकवायचं. कधी चटकन ठिणगी उडते, कधी काहीच होत नाही. काही झालं नाही तरी हे पुन्हा एकदा करायचं.

मग मल्टिमीटर. या बोर्डाला एका व्होल्टेजवर भागत नाही. अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच, तिन्ही लागतात. त्यातलं उणे पाच सर्वांत बारकं, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. ते गायब असताना बारा व्होल्ट मिळत राहिले, तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही जळू शकतात. म्हणून बोर्ड बाजूला काढून नुसता वीजपुरवठा मोजायचा, आणि तो नीट असला तरच बोर्ड जोडायचा. कनेक्टरच्या काळवंडलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीचं खोडरबर फिरवायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. निम्मे बिघाड तिथेच संपतात.

साध्यापासून सुरुवात करण्याचा हा धडा सनीव्हेलनेच घालून दिला आहे. 1972 मध्ये अटारी कंपनीच्या ‘पाँग’ या खेळाचं पहिलं यंत्र इथल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं होतं. ते बंद पडलं म्हणून निरोप आला. ते बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न तपासायला गेले, तर सर्किटला काहीही झालेलं नव्हतं. नाण्यांचा डबा गच्च भरला होता!

आमच्या रेघा मात्र खोडरबराने गेल्या नाहीत. तेव्हा नकाशा उघडला, म्हणजे सर्किटचा आराखडा, आणि इथून पुढे मजा होती. या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे रॅममधला एक बिट. पेटलेला किंवा विझलेला, तिसरी अवस्था नाही. आठ बिटांचा एक बाइट पडद्यावर खालून वर उभा रचलेला असतो, आणि बाइटमधला प्रत्येक बिट वेगळ्या चिपमध्ये राहतो. म्हणजे एक चिप बिघडून कायम ‘पेटलेलं’च सांगू लागली, तर पडद्यावर दर आठ ओळींमागे एक पांढरी ओळ येणार. तसंच होत होतं. चिपच्या दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेकडे पडद्याची डावी बाजू आणि प्रोग्रॅमची स्वतःची टिपणवही. ती बिघडली तर खेळ उभाच राहत नाही. दुसरीकडे फक्त उजवी बाजू. आमचा खेळ चालत होता आणि रेघा उजवीकडेच होत्या, म्हणजे दोष दुसऱ्या रांगेत. आठांपैकी कितवी ओळ पांढरी आहे ते मोजलं की कितवी चिप तेही कळतं. हा पडदा आपलं दुखणं बोट ठेवून दाखवतो.

चिप काढताना घाई चालत नाही. ती अख्खी उपटायला गेलं की बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडून येते. मेलेल्या चिपचा लोभ सोडायचा. बारीक कटरने तिचे पाय कापायचे, धड उचलून बाजूला ठेवायचं, आणि मग उरलेला एकेक पाय तापवून चिमट्याने अलगद ओढायचा. कथील चमकून पातळ होतं त्या क्षणी तो स्वतःहून निसटतो. भोकं साफ करून तिथे सॉकेट बसवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला कापाकापी नको. तो पुढचा माणूस कोण असेल कोण जाणे, पण त्याच्यासाठी काम सोपं करून ठेवणं मला माझ्या कामाचाच भाग वाटतं.

नवी चिप बसली आणि रेघा गेल्या.

बरेच जण यातलं काही करत नाहीत. जुना बोर्ड काढतात आणि साठ खेळांचा तयार बोर्ड लावतात. अर्ध्या दिवसाचं काम, खेळही चालतात. मला ते मुळीच मान्य नाही. तो बोर्ड बिघडला की फेकायचा असतो, कारण त्याच्यात वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. निशिकादोंच्या बोर्डाचं अपुरेपणसुद्धा वाचता येतं. प्रोसेसर एका वेळी एकच परग्रहवासी हलवतो. ते पंचावन्न असतात तेव्हा सगळ्यांची पाळी यायला जवळजवळ सेकंद लागतो, आणि एकटा उरला की तो भन्नाट पळतो. हा वेग आधी ठरवलेला नव्हता. तो यंत्राच्या मर्यादेतून आला, निशिकादोंच्या लक्षात आला आणि त्यांनी तो राहू दिला. शेवटच्या परग्रहवासीयाला टिपताना पोटात उठणारा गोळा तिथून आलेला आहे.

आता राहिला आहे वरून जाणाऱ्या उडत्या तबकडीचा आवाज. तबकडी दिसते, पण मुकी जाते. तो आवाज प्रोग्रॅममध्ये नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची 76477 नावाची अठ्ठावीस पायांची चिप तिच्याभोवतीच्या रेझिस्टर-कपॅसिटरांच्या मदतीने तो काढते. चिप महाग, कपॅसिटर स्वस्त, म्हणून आधी कपॅसिटर तपासायचे. शनिवारी तेच करणार आहे.