टाकीचं टोपण

आमच्या बाबांची येझदी 1979 सालची. लाल टाकी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, आणि गोव्याबाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही अशी एक गंमत, म्हणजे किक आणि गिअर दोन्हींचा दांडा एकच. दांडा मागे वळवला की ती किक, पुढे आणला की तोच गिअर. लहानपणी आम्ही भावंडं बाबांचा तो पाय बघत बसायचो. आवाज तर असा, की बाबा तिस्क-उसगावहून निघाले की आईला फोंड्यात समजतं, असं शेजारी थट्टेने म्हणायचे.

ही गाडी मैसूरची. रुस्तम आणि फारुख इराणींच्या आयडियल जावा कंपनीने तिथे चेक जावा बनवायला सुरुवात केली, 1973 पासून तीच गाडी येझदी नावाने निघू लागली, आणि 1996 साली कारखाना बंद पडला. आता त्याच नावाच्या नव्या गाड्या आल्या आहेत, पण त्यांचा आणि आमच्या येझदीचा संबंध नावापुरताच.

बाबांचं शिक्षण धारवाडचं. गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळेत होते. पुढे मामाचं घर होतं म्हणून ते 1917 साली सुरू झालेल्या तिथल्या कर्नाटक कॉलेजात गेले. गोवा विद्यापीठ 1985 साली आलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. धारवाडहून ते तीन गोष्टी घेऊन आले. पदवी, पेढ्यांची आवड आणि गाण्याचा कान. नोकरी लागल्यावर येझदी घेतली ती जणू धारवाडला जाण्यासाठीच. वर्षा-दोन वर्षांनी एकदा अनमोड घाट चढून, रामनगर-अळनावर करत ते एकटेच जायचे. गाडी कधी वाटेत बंद पडली, असं त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

2022 साली बाबा गेले. त्याआधी बारा वर्षं गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाकूया, बरे पैसे देणारे आहेत. मी म्हटलं, आधी नीट करतो, मग बघू. खरं तर मला ती विकायची नव्हती. बाबांच्या हयातीत त्यांच्यासोबत एकदाही धारवाडला गेलो नव्हतो, ते मनात होतं. दर वेळी काहीतरी काम निघायचं. निदान त्यांच्या गाडीवरून जाऊन यावं, असं वाटत होतं.

मग सुरू झाला जीर्णोद्धार. टाकीला नवा रंग, रिम आणि टोपणाला नवं क्रोम, नवी सीट, नव्या केबल, नवा पेट्रोल पाइप. जुनं ते सगळं काढून टाकायचा सपाटा लावला. बाबांची पाने ठेवायची कॅनव्हासची पिशवी होती. तिच्यात दोन पाने, एक जुना प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि बाटलीच्या बुचात खोवलेली एक गंजकी सुई निघाली. पाने ठेवले, बाकीचं कचऱ्यात टाकलं. ती सुई तेवढी लक्षात ठेवा.

गाडी सुरू झाली, बाजारात छान फिरली. पण उसगावच्या पुढे जरा जोरात नेली की सात-आठ किलोमीटरवर दम टाकायची. आधी ओढ कमी, मग दोन धक्के, मग बंद. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, प्लग बदलला. शेवटी टाकी बाजूला काढून वर पेट्रोलची बाटली टांगली आणि तिची नळी कार्बोरेटरला जोडली. अर्धा तास गाडी एका सुरात चालली. ‘कचरा होता, गेला. आता खुशाल जा,’ असं त्याने सांगितलं. मीही मानलं.

2024 च्या डिसेंबरात मी आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा निघालो. मोलेपर्यंत सगळं ठीक. घाट सुरू झाला, आणि ऐन वळणावर गाडी गेली. मागून मालाने भरलेला ट्रक चढत होता, वरून बस उतरत होती. मुलगा मागून ढकलतोय, मी हँडल धरून कडेला ओढतोय, ट्रकचा हॉर्न कानाशी. ट्रक हातभर अंतरावरून गेला. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्या क्षणी मला वाटलं, भावाचं ऐकायला हवं होतं.

अळनावरपर्यंत सहा वेळा थांबलो. रामनगरला एकदा पेट्रोल आहे ना बघायला टाकीचं टोपण उघडलं, लावलं, आणि किक मारताच गाडी सुरू झाली. त्या वेळी पंधरा मिनिटंही थांबावं लागलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यात आणखी एक त्रास सुरू झाला. रेस सोडली तरी इंजिन खाली येईना, आपणच भणभणत राही, आणि तापायचंही भयंकर. संध्याकाळी कसेबसे धारवाडला पोचलो. लॉजवाल्याने सांगितलं, जुन्या हुबळीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, येझदी त्यांनाच दाखवा. दुसऱ्या दिवशी थांबत थांबत हुबळी गाठली.

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. घरची बोली मराठी, पण कन्नडचा हेल असलेली. हुबळीत अशी पुष्कळ घरं आहेत. मी भडाभडा सगळं सांगू लागलो तर हात वर करून म्हणाले, ‘तडीरी, तडीरी. एकेक सांगा की ओ.’ पान्याला हात न लावता नुसते प्रश्न. किती किलोमीटरवर बंद पडते? चढाला लवकर पडते का? बाजारात का पडत नाही? किती वेळाने सुरू होते? मी बाटलीचा प्रयोग सांगितला, तसे ते हसले.

‘बाटलीवर चालली म्हणता. मग त्या बाटलीला टोपण लावलं हुतं काय?’

मी गप्प. त्यांनी टाकीचं टोपण हळूच फिरवलं. ‘फुस्स’ असा बारीक आवाज आला, तोही ऐकायला कान खाली न्यावा लागला. टोपण उलटं करून त्यांनी आतलं बारीक भोक मला दाखवलं. क्रोम करताना लावलेल्या पॉलिशचं मेण त्यात सुकून बसलं होतं. पुरतं बंद नव्हतं, पण जवळजवळ बंदच.

जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने टाकीतून कार्बोरेटरात उतरतं. जेवढं खाली गेलं तेवढी हवा वरून आत आली पाहिजे, त्यासाठी ते भोक. हवा आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. उपडी बाटली गटगट करत अडखळते ना, तसंच. नंतर मी घरी हिशोब करून बघितला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत उंची असते जेमतेम वीतभर. वीतभर पेट्रोलचं वजन ते किती! टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दोन टक्क्यांनीही कमी झाला नाही तोच पेट्रोल जागच्या जागी थांबतं. बाजारात हळू चालताना चिमूटभर हवा त्या बुजलेल्या भोकातून आत झिरपत होती, म्हणून भागत होतं. घाटात इंजिन पेट्रोल जास्त पितं, तिथे पुरत नव्हतं. पंधरा मिनिटं थांबलं की तेवढ्यात हवा भरून यायची. रामनगरला मी टोपण उघडलं तेव्हा ती एकदम भरली. सगळी उत्तरं माझ्यासमोरच होती.

दुसरा दोष त्याहून वाईट. मिस्त्रींनी इंजिन सुरू ठेवून, कार्बोरेटर सिलिंडरला मिळतो त्या जोडावर चार थेंब ऑइल सोडलं. भणभणणारं इंजिन एकदम खाली आलं आणि ऑइल आत ओढलं गेलं. ‘इथनं चोरून श्वास घेतंय बघा.’ टू-स्ट्रोक गाडीत पिस्टन वर जाताना खालच्या खोलीत पोकळी होते, आणि तीच कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल ओढून घेते. वाटेतल्या फटीतून नुसतीच हवा आली तर मिश्रण पातळ होतं. बरं, या गाडीत ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, बाबांचं माप लिटरमागे 40 मिली. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, उष्णता जास्त, आणि शेवटी चालत्या गाडीत पिस्टन जाम. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, खरं म्हणजे चॉकलेटी हवं. जोडाचे नट मीच जोर लावून आवळले होते. त्याने तोंड वाकडं झालं होतं. मिस्त्रींनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट केलं आणि नवं पॅकिंग कापून बसवलं.

नवा पेट्रोल पाइपही त्यांनी वाकवून बघितला. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं, त्याने जुन्या जातीचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. ‘वर्षातनं एकदा बघत जावा,’ म्हणाले. इथेनॉलमुळे मिश्रण जरा पातळ होतं. उलट धारवाडची उंची सुमारे 750 मीटर, हवा फोंड्यापेक्षा विरळ, म्हणून मिश्रण जरा घट्ट. दोन्हींचा मेळ घालत त्यांनी हवेचा स्क्रू फिरवला. पाव आट्याहूनही कमी. डोळे मिटून ऐकलं, पुन्हा तसूभर मागे. इंजिन एका ठेक्यात धरलं.

तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा असाच सरकवतात, हे मी बाबांसोबत मैफिलीत पाहिलेलं. बाबांचं दैवत मल्लिकार्जुन मन्सूर, धारवाडचे. ते मंजीखाँ-बुर्जीखाँकडे शिकले, आणि आमच्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या वडिलांकडे, अल्लादियाखाँकडे. ‘धारवाड आणि गोवा एकाच घरचे’, हे बाबांचं आवडतं वाक्य. त्या घराण्यात दमसासाला फार मान. अवघड तान एका श्वासात गेली की बाबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, ‘श्वास कुठे घेतला ते कळलं का तुला?’ मला कधीच कळायचं नाही.

मिस्त्री टोपण साफ करत होते. क्लचच्या जुन्या केबलमधली एक बारीक तार तोडून त्यांनी भोकात घातली आणि सहज विचारलं, ‘वडील काय वापरत हुते ओ ह्याला? जुनी माणसं सुई ठेवत्यात.’

मला पिशवीतलं बूच आठवलं. बुचात खोवलेली सुई. पॉलिश पेपरचा तो तुकडाही. बाबांची गाडी वाटेत बंद पडत नव्हती, कारण निघण्याआधी ते सुईने भोक मोकळं करून घेत असणार. चाळीस वर्षांत त्यांनी ते मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. आणि शेवटी मी ती सुई उचलून कचऱ्यात टाकली, टोपण मात्र चकाकवून आणलं.

मिस्त्रींनी पॅकिंगचे आणि थोडे मजुरीचे पैसे घेतले. ‘टोपणाचं काय देऊ?’ म्हटलं तर ‘होगली बिडरी’ म्हणून हात झटकला.

परतीच्या वाटेवर कर्नाटक कॉलेजासमोर थांबलो, लाइन बझारात पेढे घेतले. घाट उतरलो, गाडी एकदाही थांबली नाही. घरी पोचल्यावर भावाला फोन केला, गाडी विकायची नाही म्हणून. त्याने कारण विचारलं नाही, पेढे किती आणलेस तेवढंच विचारलं.

मिस्त्रींची ती तार मी नव्या बुचात खोवून बाबांच्या पिशवीत ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी मुलगा पिशवी चाळत होता. ‘हे कशाला?’ म्हणाला. मी हातातलं काम ठेवलं, टाकीचं टोपण उघडलं आणि त्याला जवळ बोलावलं.