कोणाचा फोन कनेक्ट झालाय?

गाडीतल्या आवाजाचा मालक कोण, हा वाद आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे. गाडी चालवणारा तो मालक नव्हे. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याच्या वाट्याला फक्त रस्ता येतो. बाकीच्यांनी पुढचे चार तास काय ऐकायचं हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. पूर्वी ते रेडिओ केंद्र ठरवायचं, मग कॅसेट ठरवायला लागली. आता गाडी सुरू केल्या केल्या पडद्यावर ज्याच्या फोनचं नाव झळकतं, तो ठरवतो. सोसायटीचं गेट ओलांडायच्या आत मागच्या सीटवरून चौकशी होतेच, "कोणाचा फोन कनेक्ट झालाय?"

कोल्हापूरला बाबांची फियाट होती, सेकंडहँड घेतलेली. तिच्या डॅशबोर्डात दोन गोल बटणांचा रेडिओ. डावं बटण आवाजाचं, उजवं काटा फिरवण्याचं. त्या काळी रेडिओलासुद्धा लायसन्स लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरायचे. उजव्या बटणाला हात लावायची परवानगी फक्त बाबांना. आजोळ रत्नागिरीजवळ, त्यामुळे मे महिन्यात मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा हा रस्ता ठरलेला. मलकापूरपर्यंत सांगली केंद्र छान लागायचं. आंबा गाव मागे पडलं की निवेदिकेच्या बोलण्यात खरखर मिसळायला लागायची आणि घाटाच्या वळणांवर नुसती खरखरच उरायची. बाबा रेडिओ बंद करत नसत. एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने काटा तसूभर पुढेमागे करत राहायचे. खाली साखरप्याच्या आसपास कधीतरी रत्नागिरी केंद्र पकडीत यायचं. मग आई म्हणायची, "आलं कोकण."

ही केंद्रं मीडियम वेव्हवर, आणि त्या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. अंतर वाढलं आणि मध्ये डोंगर आला की त्या विरत जातात. रात्री मात्र त्याच लहरी आकाशातल्या वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात. म्हणून परतीच्या प्रवासात अंधार पडला की ज्यांची भाषाही कळत नाही अशी केंद्रं एकमेकांच्या अंगावर चढून ऐकू यायची. हे कारण मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की गाडीत काय वाजेल हे गाडी कुठे आहे त्यावर ठरतं. आम्ही ज्या मुलखातून जायचो, त्याचा शेतीचा सल्ला, त्याचे बाजारभाव, त्याच्या बातम्या आमच्या कानावर पडायच्या. आवड-निवडीचा प्रश्नच नव्हता.

दादा कॉलेजात गेला आणि रेडिओच्या जागी कॅसेट प्लेअर आला. त्यापाठोपाठ निवडीची भांडणंही आली. तयार कॅसेट महाग पडायच्या, म्हणून बाबा कोरी साठची कॅसेट आणून रेकॉर्डिंगवाल्याकडे गाण्यांची यादी द्यायचे. ती यादी म्हणजे घरातला तह असे. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा-सात गाणी. आईची दोन नाट्यगीतं, बाबांची एक लावणी, दादाला किशोरकुमार, मला काय हवं ते शेवटी जागा उरली तर. जेवणाच्या टेबलावर खाडाखोड व्हायची. नाट्यगीत लांबलं की दादाचं एक गाणं कापलं जायचं आणि तो दोन दिवस अबोला धरायचा. दुकानदार कॅसेटवर वळणदार अक्षरात लिहून द्यायचा, "गाडीसाठी २".

एकदा भरली की ती कॅसेट पक्की. पुढे पळवायची म्हटली तर बटण दाबून अंदाजाने थांबायचं, हमखास दुसऱ्याच गाण्याच्या मध्यात. त्यामुळे कोणी त्या फंदात पडत नसे. आपलं गाणं यायचं तर आधी दुसऱ्याचं पुरतं ऐकावं लागे. दादाने कधी स्वतःहून नाट्यगीत ऐकलं नसतं. आज त्याला त्यांतल्या दोन-चारांच्या ताना, जागांसकट, तोंडपाठ आहेत. त्या कॅसेट गाडीतच राहायच्या, ग्लोव्ह बॉक्समध्ये. घरात त्या कोणी लावल्या नाहीत. उन्हाने त्यांतली एक वाकली आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, तरी बाबांनी ती टाकली नाही.

लग्नानंतर पुण्यात आमची स्वतःची गाडी आली, त्यानंतरची दहा वर्षं जुगाडाची. कॅसेटच्या आकाराचा एक ॲडॅप्टर मिळायचा, त्यातून बारीक वायर बाहेर आलेली. आत फीत नसायची, फक्त एक छोटं चुंबकीय हेड. ते प्लेअरच्या हेडला टेकायचं आणि प्लेअर बिचारा फीतच फिरते आहे असं समजून वाजवायचा. मग लायटरच्या खोबणीत खोचायचा एफएम ट्रान्समीटर आला. पुण्यात एफएमवर मोकळी जागा सापडायची मुश्कील, सिग्नलला उभं राहिलं की आपल्या भूपाळीत कुणाची तरी जाहिरात घुसायची. मग सीडी, पेनड्राइव्ह, ऑक्सची वायर. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा स्वच्छ आणि दुकानदाराचं आश्वासन तेच, "ताई, आता पुढे काही घ्यावं लागणार नाही."

२०१४ साली ॲपलने कारप्ले आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. आमच्या दारात ते बऱ्याच वर्षांनी, नव्या गाडीबरोबर पोचलं. मला वाटायचं, गाडीत एक कॉम्प्युटर आहे आणि आपण त्याला फोन जोडतो. प्रकार उलटा निघाला. नकाशा फोन आखतो, गाणं फोन आणतो, निरोप फोन वाचतो. गाडीच्या पडद्यावर त्याचं चित्र तेवढं येतं, आणि पडद्याला लावलेल्या बोटाची खबर परत फोनकडे जाते. वायरशिवाय जोडलं तर ब्लूटूथ फक्त ओळखपाळख करून देतं. चित्र आणि आवाज वाहून न्यायला वाय-फाय लागतं, कारण एवढा भार ब्लूटूथला झेपत नाही. मे महिन्यात नकाशा, गाणी आणि चार्जिंग सगळं एकदम चालू असलं की फोन हातात धरवत नाही.

सुरुवातीला आमचा फोन चार्ज व्हायचा, पण पडद्यावर काही येत नसे. ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या पोराने केबल बोटांत फिरवून पाहिली आणि हसला. "काकू, ही नुसती चार्जिंगची आहे. हिच्यात दोनच तारा. डेटाला चार लागतात." त्याने ड्रॉवरमधून एक जुनी कापलेली केबल काढून दाखवली. लाल, काळी, आणि त्यांच्या शेजारी केसाएवढ्या बारीक हिरवी आणि पांढरी. त्या दोन बारीक तारांतून आमचं सगळं घर गाडीत येणार होतं.

आणि आलंच. कॅसेट फक्त गाणी आणायची, फोन अख्खा माणूस घेऊन येतो. मेहुण्याने आपल्या साहेबांना कोणत्या नावाने सेव्ह केलंय ते एका फोनसरशी पाच जणांनी वाचलं. त्यात साहेबांच्या ओळखीचे एक काका होते. येताना कोथिंबीर आण, हा रोमन लिपीत टाइप केलेला निरोप गाडीतल्या यांत्रिक आवाजाच्या बाईंनी असा वाचला की एखाद्या विलायती औषधाचं नाव वाटावं. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर. एकदा मी गॅलरीत बहिणीशी बोलत होते आणि खाली नवऱ्याने गाडी सुरू केली. गाडीने लगेच माझा फोन ओळखला आणि आमचं बोलणं खाली ओढून नेलं. वर मला काही ऐकू येईना. खाली नवऱ्याला चार स्पीकरमधून बहिणीचा आवाज आला, "अगं, तू म्हणून सहन करतेस."

मुलीने जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्या पडद्यावर आधीच्या मालकांच्या फोनची यादी तशीच होती. मॉडेलचे नंबर, एक "आईचा नवा फोन", आणि आत कुणाचीतरी सगळी फोनबुक: दूधवाला, भिशी, डॉक्टर, क्लासचे सर. गाडी विकताना लोक सीटखालची नाणीसुद्धा काढून घेतात, हे मात्र राहून जातं. मुलीने फॅक्टरी रीसेट केलं आणि ते अनोळखी घर पुसलं.

बाबा आता ऐंशी ओलांडून गेलेत. नातीने त्यांच्या फोनवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप घालून दिलंय. त्यात देशभरातली केंद्रं लाइव्ह ऐकता येतात. गेल्या मे महिन्यात माझ्या शेजारी ते बसले, त्यांचा फोन जोडला आणि पुण्याच्या बाहेर पडतानाच सांगली केंद्र लागलं. खंबाटकीत सांगली, कऱ्हाडला सांगली. आंबा घाटात मात्र मोबाइलची रेंज गेली आणि पडद्यावर चाक गरगरत राहिलं. मी हळहळले. बाबा खूश झाले. म्हणाले, "घाटात सांगली अजूनही जातेच की."

मागच्या सीटवर माझी मुलगी आणि भाचा. त्यांना ते कळलंच नाही, कारण दोघांच्या कानात आपापले इअरबड्स होते. गाडीला जोडलेला फोन एक आणि गाडीत वाजत होतं ते तीन ठिकाणचं. रेडिओ अख्ख्या मुलखाचा होता, कॅसेट एका घराची, आणि ही शेवटची सोय एका कानाची. सोय वाढत गेली तसं ऐकणाऱ्यांचं रिंगण आकसत गेलं. याला इलाज यंत्रात नाही. अँड्रॉइड ऑटो एका वेळी एकाच फोनचं ऐकतं.

म्हणून त्या प्रवासात, चहाला थांबलो तिथे, मी फर्मान काढलं. इअरबड्स पिशवीत. फोन दर तासाला बदलायचा, आणि ज्याचा जोडलेला असेल त्याचं गाणं मध्येच तोडायचं नाही, स्टिअरिंगवरचं पुढच्या गाण्याचं बटण माझ्या अंगठ्याखाली असलं तरी. पहिल्याच तासात मुलगी करवादली, "आजोबा, तुमचं एक गाणं आठ मिनिटांचं आहे!" भाच्याचं रॅप सुरू झालं तेव्हा बाबांनी विचारलं, "हा इतका रागावलाय कोणावर?" भाचा त्यांना समजावून सांगायला लागला, बाबा उलट प्रश्न विचारायला लागले, मुलीने मध्ये तोंड घातलं. पालीपर्यंत भांडण चाललं होतं. परतीच्या दिवशी गाडीत बसता बसता तिघांनी एकदमच विचारलं, कोणाचा नंबर पहिला?