खोड नसलेला वड

कोलकात्याजवळ, हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूर येथे १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी स्थापन केलेले वनस्पतिउद्यान आहे. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील महावटाकडे जाणाऱ्या यात्रिकास दुरून एक दाट राई दिसते. जवळ गेल्यावर कळते, की ही सारी राई म्हणजे एकच वृक्ष आहे. त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानले जाते.

या वडाला मूळ खोडच नाही. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला, पुढे बुरशीने खोड पोखरले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तरीही वृक्ष वाढतच राहिला, कारण फांद्यांवरून लोंबणाऱ्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोडाचे काम करू लागल्या होत्या. अशा पारंब्या आज तीन हजारांहून अधिक आहेत. मे २०२० मधील अम्फान वादळात त्यांतील काही कोसळल्या. वृक्ष मात्र उभाच आहे.

वडाचे इंग्रजी नाव ‘बनियन’ हे मुळात वाणी समाजाचे. इराणच्या आखातातील बंदर अब्बासजवळ एका वडाच्या आश्रयाला हिंदी व्यापारी जमत. ते पाहून युरोपीय प्रवाशांनी व्यापाऱ्यांचे नाव झाडालाच दिले.

याहून मोठे नवल वडाच्या फळात आहे. ज्याला आपण फळ म्हणतो, तो वस्तुतः आत वळलेला फुलोरा असतो. शेकडो सूक्ष्म फुले आतल्या बाजूस उमलतात. तिळाहून लहान अशी एक मादी कीटक टोकावरच्या अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. ती सोबत आणलेले पराग फुलांना देते, अंडी घालते आणि तेथेच तिचे आयुष्य संपते. तिच्या संततीतील नरांना पंख नसतात. ते बाहेर जाण्याचा मार्ग कोरतात आणि बहुतेक आतच मरतात. नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या फळाकडे उडून जातात. उंबरातील अशा कीटकांना मराठीत ‘केंबरे’ हा जुना शब्द आहे.

श्रावकाचारात वर्ज्य मानलेल्या पंच उदुंबरांपैकी वड, पिंपळ, उंबर आणि पाकर यांना वनस्पतिशास्त्र ‘फायकस’ या एकाच प्रजातीत ठेवते. या सर्वांच्या फळांत हाच जीवनक्रम चालतो. पूर्वसूरींनी त्रसजीवांचे निवासस्थान म्हणून ही फळे टाळली. सूक्ष्मदर्शकाने त्या निवासाचा तपशील दाखविला. या कीटकावाचून वडाला बी धरत नाही आणि वडावाचून या कीटकाला घर नाही.

फळांच्या हंगामात महावटाभोवतीच्या रस्त्यावर लाल फळांचा सडा पडतो. हे जाणणारा यात्रिक खाली पाहत, वळसा घेऊन पुढे जातो.