झडप वर, नाक वर

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला येताना रस्त्यालगत चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. तिथं एखादं विमान उतरताना दिसलं, तर त्याच्या पंखांची मागची कड नीट बघा. तिथल्या झडपा खाली वळलेल्या असतात. त्यांनी पंखाची उचल वाढते, म्हणून विमान कमी वेगातही तरंगतं.

माझ्या सातवीतल्या पुतणीला हे पक्कं ठाऊक होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं तिकोनी विमान केलं. शेपूट नाही, नुसता पंख. नाकाला वजन म्हणून एक क्लिप. मागच्या कडेला दोन झडपा कापून तिनं त्या खाली वळवल्या आणि विमान सोडलं. ते सरळ ढेकळांत घुसलं! झडपा आणखी वळवल्या, तर आणखी लवकर घुसलं.

"काका, सगळं उलटंच होतंय! आणि प्रदर्शन उद्याच आहे."

गोठ्याजवळ बैलगाडी सोडलेली होती (आमच्या अंबड तालुक्यात अजून दिसतात बरं का!). मी जू हातात धरलं आणि तिला गाडी मागून उचलायला लावली. जू खाली दाबलं गेलं. ती मागे लोंबकळली, तसं वर आलं. गाडीचा आस म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. खाली वळलेली झडप पंखाला उचलते खरी, पण गुरुत्वमध्याच्या मागे उचलते. मग नाक खालीच जाणार!

"मग मोठी विमानं उतरताना बुडी का मारत नाहीत?"

प्रश्न रास्त होता. त्यांना मागे लांबवर आडवी शेपटी असते, ती तोल सांभाळते. लांब पहारीनं मोठा धोंडा हलतो ना, तशी दूर असलेली छोटी शेपटीही पुरते. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-२१ चे पंख तिकोनी, तरी त्याला अशी शेपटी होती. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेल्या 'तेजस'ला ती नाही. त्याचं नाक पंखांच्या झडपाच वर-खाली करतात. एक वर, एक खाली झाली की विमान कुशीवर कलतं. या झडपा म्हणजे एलेव्हॉन. नाक वर करायचं तर त्या वर वळवायच्या, म्हणजे आधी थोडी उचल गमवायची. मला तरी हा सौदा भारी गमतीचा वाटतो.

संध्याकाळी पुतणीनं झडपा जेमतेम दोन मिलिमीटर वर वळवल्या. विमान दहा-बारा पावलं छान तरंगत गेलं. पाच मिलिमीटर केल्या, तर नाक वर काढून मध्येच थबकलं आणि धपकन पडलं. तिनं दोन्ही आकडे वहीत टिपले आणि क्लिप जरा मागे सरकवून पुन्हा वावरात धावली.