समजल्याशिवाय लिहायचं नाही

एमआयडीसी, बारामती
श्रावणी सोमवार

चि. अभि,



तुझा मेसेज आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होते. अंगठ्याने टाइप करण्याएवढं ह्याचं उत्तर छोटं नाही, म्हणून घरी येऊन सरळ कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर दादाला फोटो पाठव, त्याला लहानपणापासून माझ्या अक्षराची सवय आहे.

तू म्हणतोस, बंगलोरला तुझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मंडळी ‘हिंदू’मधलं क्रिप्टिक शब्दकोडं घेऊन बसतात. तू दुसऱ्या दिवशीची उत्तरं वाचतोस, आणि उत्तर वाचूनही ते का बरोबर हे कळत नाही. ‘एच आय जे के एल एम एन ओ’, पाच अक्षरं, उत्तर ‘वॉटर’. अरे, एचपासून ओपर्यंत. एच टू ओ. पाणीच की! हा इंग्रजीतला जुना आणि फार लाडका नमुना आहे. मला तुझ्या तक्रारीतला ‘वाचूनही कळत नाही’ हा भागच जास्त आवडला. बहुतेकांना उत्तर मिळालं की पुरतं.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात काय असतं बघ. ‘कमळ’ असं लिहिलेलं आणि पुढे तीन घरं. पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज, काहीही बसतं. उभ्या शब्दातून शेवटचं अक्षर ‘ज’ मिळालं तरी उपयोग शून्य. आजूबाजूचे सगळे शब्द लागेपर्यंत पेन्सिलच धरावी लागते. क्रिप्टिकचं तसं नाही. त्यातल्या बहुतेक ओळींत उत्तर दोनदा सांगितलेलं असतं: एकदा सरळ अर्थाने, एकदा शब्दाची मोडतोड करून. सरळ अर्थ ओळीच्या सुरुवातीला तरी असतो नाहीतर शेवटी तरी. आमच्या इन्स्पेक्शन टेबलवर प्लग गेज असतो ना, दोन टोकांचा, त्याच्या दोन्ही टोकांनी तपासल्याशिवाय पीस ओके होत नाही. एका टोकाला पास झाला एवढ्यावर मी कधी सही करत नाही. उत्तराचंही तेच.

आता इथलंच घे. ‘डझनभर अक्कल असलेलं गाव (४)’. कंसातला आकडा अक्षरांचा. डझन म्हणजे बारा, अक्कल म्हणजे मती. इंग्रजीवाले ह्या प्रकाराला शराड म्हणतात. आपल्याकडे नववी-दहावीच्या व्याकरणात हेच अलंकार म्हणून शिकवलं होतं, तू पाठ करून विसरलास: सभंग श्लेष. शब्द फोडला की दुसरा अर्थ निघतो तो सभंग, न फोडता दोन अर्थ निघतात तो अभंग. अभंगाला माझा आवडता नमुना: ‘कंपनीत आठवड्याला बदलते, कानाची मात्र जन्मभर तीच (२)’. पाळी. आमच्या लाइनवरच्या मुलींनी हे एका मिनिटात सोडवलं आणि वर तिसरा अर्थ सांगून हसत सुटल्या. तो कोड्यात घ्यायला कुणी मनाई केली आहे, असंही एकीने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही, म्हणजे मनाई नसावी.

हो, आम्ही हे खरोखर करतो. क्वालिटीच्या खोलीत रिजेक्शनचे आकडे लिहायचा पांढरा बोर्ड आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात सोमवारी मी एक ओळ लिहिते. मध्यंतरी लिहिलं होतं: ‘कारस्थानाचा परिणाम दौंड-बारामती लाइनवर (४)’. टूलरूममधला एक पोरगा चहाचा कप घेऊन आला, वाचलं, आणि चेहरा पाडून म्हणाला, “ताई, गाडी घसरली का काय?” बातमीच वाटली त्याला. वाटावी असंच लिहिलं होतं. दुपारी पॅकिंगमधले एक काका आले, म्हणाले, “शिर्सुफळ. चार अक्षरी आहे, त्याच बाजूचं आहे, आणि परिणाम म्हणजे फळ.” बघ, किती जवळ आले होते! मी विचारलं, “काका, फळ मिळालं. मग शिर्सु म्हणजे कारस्थान का?” ते गप्प. पण उत्तर मागे घ्यायला तयार नाहीत. अक्षरं बसतात, गाव खरं आहे, मग तुमचा आग्रह कसला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी टूलरूमचा पोरगा परत आला. “कारस्थान म्हंजे कटच ना? मग कटाचं फळ...” आणि थांबला. कपाळावर हात मारून म्हणाला, “आवं ताई, आमचंच गाव की! रोज तिथनंच येतोय आन् दिसंना.”

कटफळ. एमआयडीसीला लागून असलेलं गाव, पॅसेंजर थांबते ते स्टेशन. त्या दिवसापासून काका शिर्सुफळावर आणि पोरगा कटफळावर भांडतात, पण काकांनाही आता ठाऊक आहे की आपलं उत्तर कुठे अडलं. मला ते त्यांनी बरोबर ओळखण्यापेक्षा मोठं वाटलं.

फसवणूक कशी करायची हे मात्र गावागावावर अवलंबून असतं. ‘जरासा खरपूस, पोटात कारखान्याचा माल (३)’ हे तुझ्या बंगलोरच्या मित्रांना मराठी येत असतं तरी सुटलं नसतं. एमआयडीसीत काय काय होतं? पियाजियोची तीनचाकी, पाइप, फोर्जिंग, चॉकलेट. पण बारामतीत ह्यातल्या कशालाही कुणी कारखाना म्हणत नाही. त्या सगळ्या कंपन्या. कारखाना म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, फार तर इंदापूरच्या हद्दीत भवानीनगरचा छत्रपती. म्हणजे साखर. आता ‘जरासा खरपूस’ हे शब्द जोडून वाच आणि पोटात बघ: जरा-साखर-पूस. असं उत्तर ओळीतच दडवण्याला जुन्या संस्कृत पंडितांनी अंतर्लापिका असं नाव दिलं होतं, आणि उत्तर बाहेरून आणावं लागलं तर बहिर्लापिका. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार मोजून दिले आहेत. क्रिप्टिक ही इंग्रजांनी १९२० च्या दशकात काढलेली गंमत, हे खरं. पण ह्या खेळाला लागणारी हत्यारं आपल्या माळ्यावर फार आधीपासून पडून होती.

आणि एक मजा ऐक. नुसतं क्रिप्टिकच देणारा पहिला मोठा कोडेकार एडवर्ड पॉइस मॅथर्स. त्याने टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणाऱ्या न्यायाधीशाचं! हाच मॅथर्स त्याआधी, १९१९ मध्ये, बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’वरून ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे काव्य इंग्रजीत घेऊन आला होता. म्हणून क्रिप्टिक भारतातून चोरलं असं लगेच फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. तसं काही सिद्ध होत नाही. पण श्लेषावर पोसलेल्या कवितेशी त्याची जानपहचान होती, एवढं मला पुरे आहे. तुमच्या ‘हिंदू’चे सुरुवातीचे कोडेकार कोण होते माहीत आहे? निवृत्त अॅडमिरल कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

आता तुझं कोडं. ‘एमआयडीसीत साहवत नाही असा गोंधळ (४)’. ‘साहवत’ची अक्षरं विस्कटून ‘वसाहत’. शाबास! चारही अक्षरं मात्रांसकट जुळली, हे मराठीत सोपं नाही. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, कशीही पिसा. आपला ‘सा’ हा ‘सा’च राहतो, त्याचा काना काढून ‘ह’ला लावता येत नाही. म्हणून आपल्याकडे पिसण्यापेक्षा फोडणं फळतं. पण तुझ्या ओळीत दोन दोष आहेत. एक, उत्तर ‘वसाहत’ आणि अर्थ दिलास ‘एमआयडीसीत’, म्हणजे तो ‘वसाहतीत’चा झाला. दुसरा दोष मोठा. त्यातला ‘नाही’ काय करतो? काहीच नाही. ‘साहवत’ला मराठीत ‘नाही’शिवाय उभंच राहता येत नाही म्हणून तू तो ठेवलास, वाक्य छान झालं, कोडं बिघडलं. टॉर्केमाडानंतर मॅकनट नावाचे एक शिक्षक झाले, झिमेनीझ ह्या नावाने कोडी काढायचे (हाही त्याच छळखात्यातला मोठा अधिकारी!). त्यांनी १९६६ मध्ये पुस्तक लिहून ह्याचीच शिस्त घातली. फसवायची मुभा पूर्ण, पण फुकटचा शब्द ठेवायचा नाही. सोडवणारा प्रत्येक शब्दाचा हिशेब मागणार आणि तो आपल्याकडे तयार हवा.

मी तुझंच उत्तर घेऊन दुसरं केलं: ‘व्रताने मारलेली एमआयडीसी (४)’. वसा, हत. सरळ तृतीया तत्पुरुष आहे. शिवाय आज श्रावणी सोमवार, निम्मं कँटीन उपासाचं आणि साबुदाणा अकरालाच संपलेला. ओळ शब्दशः खरीसुद्धा आहे. मास्तर लोकांसाठी आणखी एक: ‘मास्तरांना उलटं टांगलं की गुऱ्हाळात मिळतो (२)’. हे दादाला विचार, ‘सर’ म्हणवून घ्यायची हौस त्याला आहे.

तू लिहिलंस की मराठीत असलं काही जमणार नाही, आपली भाषा भोळी आहे. अभि, तुझा जन्म बारामतीचा आणि हे तू म्हणावंस? इथे कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहून गेले. पन्हाळ्यावर १७२९ ला जन्मलेले, नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आले आणि १७९४ ला जाईपर्यंत इथलेच झाले. पंडिती, रूक्ष, शब्दांचे खेळ करणारे म्हणून त्यांना नावं ठेवली जातात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त त्यांच्या कवितेसाठी मोठा निबंध खर्ची घालावा लागला. मला विचारशील तर खेळ करणारे हाच त्यांचा मोठा गुण. एकशे आठ रामायणं केली म्हणतात, आणि प्रत्येकात वेगळी अट. ‘मंत्ररामायणा’त आर्यांच्या पोटात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र अक्षराअक्षराने विणला आहे. ती अंतर्लापिकाच नाही तर काय?

‘निरोष्ठ रामायण’ तर आमच्या बोर्डावरच्या मंडळींना सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. ओठ मिटून उच्चारायचं अक्षर वापरायचंच नाही. प, फ, ब, भ, म बंद. म्हणजे काय झालं? राम गेला! ‘म’ आहे ना. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती, बिभीषण, कुंभकर्ण सगळे गेले. सीता चालते, दशरथ चालतो, कैकेयीला तर काहीच अडचण नाही. ज्याची कथा त्याचंच नाव न घेता कथा सांगायची, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी कळलं पाहिजे की हा तोच. टूलरूमचा पोरगा ओठांवर बोट ठेवून एकेक नाव म्हणून बघत होता. “शत्रुघ्न चालतोय,” म्हणाला, “त्याला बिचाऱ्याला पहिल्यांदाच कुठंतरी चान्स मिळाला.”

मोरोपंतांनी महाभारतही आर्यांत आणलं, आणि त्या महाभारताच्या मुळाशीच तुझ्या ‘वाचूनही कळत नाही’चं उत्तर आहे. लेखनिक म्हणून गणपती आला तो अट घालून, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलटी अट घातली: चालेल, पण श्लोक समजल्याशिवाय लिहायचा नाही. मग दम खायला वेळ हवा असला की व्यास एखादा कूट श्लोक टाकायचे. असे ८,८०० श्लोक आहेत म्हणतात. गणपती विचारात पडायचा, तेवढ्यात ह्यांचे पुढचे रचून तयार. मोरगाव आपल्याच तालुक्यात, कऱ्हेच्याच काठावर. तिथल्या मयूरेश्वराला मी ह्या गोष्टीसाठी वेगळा नमस्कार करते. बुद्धीच्या देवालासुद्धा अर्थ लागल्याशिवाय पुढची ओळ लिहायची सूट नव्हती.

तेव्हा तुझ्या मित्रांबरोबर बसशील तेव्हा घर भरायची घाई करू नकोस. त्यांच्यातला जो पटकन उत्तर सांगतो त्याला विचार, कुठला शब्द कशासाठी. निम्म्या वेळा तोही शिर्सुफळवाला निघेल. उत्तर सुचलं आणि फोड लागली नाही तर पेन्सिलीने लिही, बाजूला प्रश्नचिन्ह कर. फोड आधी लागली आणि उत्तर मागून आलं, तर ते पेनाने लिही. तो शब्द मग आठ दिवस डोक्यातून जात नाही, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या शनिवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी फोन केलास तरी चालेल. वहिनीला सांग, कुरडया झाल्या आहेत, बंगलोरला जाणारं कुणी असेल तर कळव. आणि हे सोडवून ठेव. नुसतं उत्तर पाठवलंस तर मी वाचणार नाही, शब्दाशब्दाची फोड हवी:

‘आधी टॅक्स, मग हार, उजनीपलीकडचा तालुका (४)’.

तुझी,
आत्या