सूनबाईच्या नोकरीचे गाव

कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोरांटो येते. उंच इमारती, नायगाराचा धबधबा, गणपतीत जमणारी मराठी मंडळी आणि देशी दुकानातली कोथिंबिरीची जुडी. माझा मुलगा आणि सून पाच वर्षे तिथेच होती. मग सूनबाईने उत्तरेत नोकरी धरली आणि दोघांनी बिऱ्हाड हलवले ते थेट ड्रायडनला. आमच्या मिरजेत हे नाव कुणी ऐकलेलेसुद्धा नव्हते. "नवऱ्याच्या बदलीमागे बायको जाते हे ठाऊक आहे, इथं उलटंच दिसतंय!" असे आमच्या शेजारणीने म्हणून घेतले. मुलाचे काम कॉम्प्युटरवरचे, ते कुठूनही होते. सूनबाईचे मात्र तसे नाही. ती पॅरामेडिक आहे, म्हणजे अँब्युलन्सवर जाणारी. गेल्या हिवाळ्यात मी अडीच महिने त्यांच्याकडे राहून आले. त्या मुलखाची आणि त्या कामाची ही हकिगत.

महाराष्ट्राहून मोठा जिल्हा

ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला केनोरा नावाचा जिल्हा आहे. ड्रायडन त्यातले. या एका जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,०७,००० चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३. आणि एवढ्या मुलखात माणसे किती? २०२१ च्या जनगणनेत ६६ हजारांच्या आसपास! आपल्याकडे एका तालुक्यात याहून जास्त असतात. ड्रायडनची वस्ती सात हजारांवर थोडी, तरी तिथे त्याला 'शहर' म्हणतात.

टोरांटोहून मोटारीने सतराशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते, म्हणून आम्ही विमानाने विनिपेगला उतरलो आणि तिथून चार तास गाडीने गेलो. रस्ता एकच, ओंटारिओत शिरला की तो १७ नंबरचा महामार्ग. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडे आणि मधूनमधून पांढरीफटक मैदाने. "केवढी मोकळी जमीन!" असे मी म्हणाले, तर मुलगा हसला. "आई, ती तळी आहेत. गोठलीत." रात्री इथे गाडी सांभाळून चालवावी लागते ती मूसमुळे. हा हरणाच्या जातीचा, पण घोड्याहून उंच प्राणी. अंगाने काळपट, पाय लांबच लांब. अंधारात तो अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. ड्रायडनला रस्त्याकडेला त्याचा भला मोठा पुतळाच उभा केला आहे.

गाव वाढले ते कागदाच्या लगद्याच्या गिरणीवर. त्या भरभराटीला एक काळी बाजूही आहे. १९६२ ते १९७० या काळात गिरणीच्या रसायनांच्या कारखान्यातून नदीत काही टन पारा सोडला गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोजचे मूळ रहिवासी मासे धरून राहत. त्यांच्या वाट्याला आलेले आजार पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचले.

अँब्युलन्स म्हणजे नुसती गाडी नव्हे

आपल्याकडे २०१४ पासून १०८ नंबरची सेवा आली, तिच्यात डॉक्टर असतो. तिथे गाडीत दोन पॅरामेडिक असतात, एक गाडी चालवणारा आणि एक रोग्याजवळ. त्यासाठी दोन वर्षांचा कॉलेजचा अभ्यास, प्रांताची परीक्षा आणि अँब्युलन्स चालवण्याचा वेगळा परवाना लागतो. छातीत दुखत असेल तर ई.सी.जी. काढणे, अ‍ॅस्पिरिन देणे, दम्याच्या रोग्याला वाफेचे औषध देणे, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणे, हे सारे ते डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या लेखी सूचनांप्रमाणे करतात. पाळी बारा तासांची.

"मग हे काम टोरांटोत नव्हतं का?" मी तिला विचारलेच. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "होतं ना, आई. पण तिथं दहा मिनिटांत हॉस्पिटल येतं. माणूस हातात आला की लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायचा. इथं तो कितीतरी वेळ माझ्याजवळ असतो."

ते खरेच आहे. ड्रायडनला चांगले हॉस्पिटल आहे, पण हृदयाची बंद नळी फुगा घालून उघडायची तर थंडर बे गाठावे लागते, साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे मिरजेहून रोगी मुंबईला न्यावा तसे! म्हणून गुठळी विरघळवण्याचे औषध आधी इथेच देतात आणि मग रोगी पुढे जातो, रस्त्याने किंवा हवेतून. ओंटारिओत 'ऑर्न्ज' नावाची हवाई अँब्युलन्स आहे. तिची नारिंगी विमाने आणि हेलिकॉप्टरे या भागाला मोठा आधार आहेत.

बाळंतपणाला माहेर सोडायचे

ड्रायडनच्याही उत्तरेला, रस्ता संपतो तिथून पुढे, मूळ रहिवाशांची गावे आहेत. तिथे वर्षभर विमानानेच जायचे. थंडीत तळी आणि दलदल गोठली की त्यावरून काही आठवडे बर्फाचा रस्ता होतो आणि ट्रक भरभरून डिझेल, धान्य, घरबांधणीचे सामान जाते. हिवाळा सौम्य झाला की हा रस्ता उशिरा होतो, लवकर वितळतो. गावात परिचारिका चालवतात असा दवाखाना असतो. त्यापलीकडचे सारे सू लुकआउट या गावच्या मेनो या विन हॉस्पिटलात.

माझे मन तिथल्या बायकांनी धरून ठेवले. दिवस भरत आले की तिथली गरोदर बाई विमानाने सू लुकआउटला येते आणि काही आठवडे वसतिगृहात राहून बाळंतपणाची वाट पाहते. घरी मोठी मुले, नवरा, आई. आपली मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, त्यांची मुलगी माहेर, सासर सगळेच सोडून परक्या गावी जाते! आपल्या राज्यातही दुर्गम आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' योजना निघाली ती याच अडचणीपोटी. नाव तरी किती मायेचे दिले आहे.

ती एक रात्र

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सूनबाई एका आजोबांना घेऊन थंडर बेला गेली. त्यांना सुखरूप पोचवले, पण परतताना बर्फाचे वादळ सुटले आणि पोलिसांनी महामार्ग बंद केला. दुसरा रस्ता नाही. ती आणि तिचा जोडीदार वाटेतल्या एका गावात अडकून पडले. इकडे सहा वर्षांचा नातू खिडकीला नाक लावून बसलेला. मुलाने शांतपणे पोळ्या लाटल्या, त्याला जेवू घातले, गोष्ट सांगून झोपवले. माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली.

"अगं, भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना, आई. पण माझी नाही वाटत. आमची गाडी तिकडे अडकली की गावात एक गाडी कमी. त्या वेळी कुणाचा फोन आला तर? तीच काळजी लागते."

गाव लहान, त्यामुळे रोगी बहुधा ओळखीचाच निघतो. ज्या बाईकडून सकाळी दूध घेतले, तिच्याच नवऱ्याच्या छातीवर रात्री दाब द्यायची वेळ येते. त्यातले एक अक्षर घरी बोलायचे नाही, असा नियम. काही दिवशी ती येऊन नुसती गरम पाण्याखाली उभी राहते. तेव्हा आम्ही काही विचारत नाही, फक्त वरणभात वाढून ठेवतो. या कामाने मनाला होणारी जखम नोकरीतलीच मानावी, असा कायदा ओंटारिओने २०१६ मध्ये केला, हे ऐकून मला बरे वाटले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

कुणाच्या मुलीसुनेला अशा मुलखात जायचे असेल तर सांगते. उणे ३५ अंशांत एक जाड कोट पुरत नाही, पातळ कपड्यांचे थर हवेत. गाडीचे इंजिन गरम ठेवायला रात्री विजेची वायर लावावी लागते. गाडीत फावडे, ब्लँकेट, खाऊ, काड्यापेटी आणि पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती कायम हवी. घरात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, व्हॅसलीन हाताशी ठेवा. दही ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवले की छान लागते. कढीपत्ता विनिपेगहून आणून फ्रीझरमध्ये ठेवावा.

आणि सूनबाईने सांगितलेली ही गोष्ट आपल्या घरीही उपयोगाची. घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी फ्रिजवर चिकटवा. अँब्युलन्स बोलावली की बाहेरचा दिवा लावा, कुत्रा बांधा आणि एकाने दारात उभे राहा. तेवढ्यानेही बराच वेळ वाचतो.

दोघे गेले होते दोन वर्षांच्या बोलीवर. मी निघाले त्या आठवड्यात त्यांनी घर विकत घ्यायचे ठरवले. नातवाला आता बर्फावर स्केटिंग येते आणि तो तळ्याला मैदान म्हणत नाही. मी विमानतळावर सूनबाईला एवढेच म्हटले, "पुढच्या खेपेला कढीपत्त्याचं रोप घेऊन येऊ का गं?" ती म्हणाली, "रोप नाही आणू देत, आई. तुम्ही या."